एकाच द्राक्षाच्या दोन चवी: इटलीच्या पांढऱ्या आणि गोड वाइन

अदिजेकाठ:

इटलीच्या पांढऱ्या वाइनविषयी आपल्या लोकांत दोन समज पक्के बसलेले दिसतात. पहिला असा की ती पाणचट असते आणि माशाबरोबर थंडगार पिण्यापलीकडे तिच्यात पारखण्यासारखे काही नसते. दुसरा असा की जेवणानंतरची गोड वाइन ही ज्यांना वाइनची खरी चव झेपत नाही त्यांच्यासाठी असते. व्हेरोना परिसरात राहायला आल्यापासून या दोन्ही प्रकारच्या वाइन शेजारी ठेवून चाखण्याची सवय मला लागली आहे आणि त्यातून माझे मत असे झाले आहे की गोड वाइन पारखायला ड्राय, म्हणजे गोडी नसलेल्या, पांढऱ्या वाइनवरच शिकावे लागते. जी वाइन ड्राय असताना आंबटपणा आणि किंचित कडवटपणा यांवर तोलून उभी असते, तिचीच गोड वाइन चांगली होते. ज्या द्राक्षात हा कणा नाही त्याचा नुसता पाक होतो.

हे सर्वांत स्पष्टपणे समजते ते सोआवे या गावाच्या वाइनमध्ये. व्हेरोनाच्या पूर्वेला, मध्ययुगीन किल्ल्याच्या पायथ्याशी हे गाव आहे आणि त्याच्या मागच्या टेकड्यांवर गार्गानेगा नावाचे द्राक्ष पिकते. सोआवे वाइनमध्ये हे द्राक्ष किमान ७० टक्के असावे लागते. उरलेल्या भागात त्रेब्बियानो दि सोआवे किंवा शार्दोने चालते. या टेकड्यांचा बराचसा भाग ज्वालामुखीच्या काळ्या बेसॉल्टचा आहे, तर पश्चिमेकडे चुनखडक लागतो. १९६८ साली सोआवेला अधिकृत नामांकन मिळाले तेव्हा या जुन्या टेकड्यांबरोबर खालची सपाट, सुपीक जमीनही मोठ्या प्रमाणात हद्दीत आली. सपाटीवर वेलींना अमाप माल लागतो आणि अशा द्राक्षात आम्लही विरळ असते, गंधही विरळ असतो. सोआवे पाणचट असल्याचा बोलबाला झाला तो या मालामुळे. टेकडीवरच्या बागांची वाइन निराळी आहे, आणि म्हणून लेबलावर ‘क्लासिको’, म्हणजे जुन्या टेकड्यांच्या हद्दीतील, हा शब्द पाहूनच बाटली घ्यावी, असे मी आवर्जून सांगेन. पिएरोपान या घराण्याने १९७१ साली काल्व्हारिनो या एकाच मळ्याची वाइन वेगळी बाटलीबंद करायला सुरुवात केली आणि टेकडीची चव काय असते हे लोकांना दिसू लागले.

अशी वाइन चाखताना घाई करू नये. पहिल्या घोटात ती फारसे काही सांगत नाही. पांढरी फुले, नासपती, लिंबाची साल असा मंद गंध येतो, जिभेच्या दोन्ही कडांना आंबटपणा जाणवतो आणि घोट गिळल्यानंतर कडू बदामाची एक बारीक झाक मागे राहते. ही झाक म्हणजेच गार्गानेगाची ओळख. मात्र बाटली थेट फ्रीजमधून काढून ओतली तर यातले काहीच कळत नाही, कारण अति थंडपणात गंध दबतो आणि उरतो तो फक्त आंबटपणा. दहा ते बारा अंश तापमान मला योग्य वाटते. बाटली बाहेर काढून थोडा वेळ थांबावे, पेला एक तृतीयांशच भरावा, आणि तो हातात न धरता दांड्याने धरावा.

आता याच द्राक्षाची गोड वाइन, रेचोतो दि सोआवे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निवडक घड तोडून ते हवेशीर माळ्यावर बांबूच्या ताट्यांवर पसरतात किंवा दोरीला टांगतात आणि चार ते सहा महिने सुकू देतात. पाणी उडून वजन ४० टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक घटते. मग हिवाळ्याच्या शेवटी त्यांचा रस काढतात. हा रस इतका दाट आणि गोड असतो की यीस्ट संथपणे काम करते आणि सगळी साखर संपण्याआधीच थकते. जी साखर उरते ती वाइनची गोडी. पाणी उडताना साखरेबरोबर आम्लही दाटते, हा या पद्धतीचा मर्म आहे. त्यामुळे रेचोतो तोंडात घेतल्यावर सुरुवातीला जर्दाळू, मध, केशर, सुकलेली संत्र्याची साल असे सगळे येते, परंतु घोट संपताना जीभ चिकट होत नाही. शेवटी तीच कडू बदामाची झाक परत येते, यावेळी जास्त ठळक. दोन्ही पेले समोर असल्याशिवाय हे लक्षात येणे कठीण आहे.

ही पद्धत फार जुनी आहे. सहाव्या शतकात ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिकच्या दरबारातील मंत्री कासिओडोरस याने व्हेरोना भागातील सुकवलेल्या द्राक्षांच्या वाइनचे, तांबड्या आणि पांढऱ्या दोन्हींचे, तपशीलवार वर्णन एका पत्रात केले आहे. आधुनिक नियमांच्या दृष्टीने पाहिले तर १९९८ साली रेचोतो दि सोआवेला इटलीतील सर्वोच्च दर्जाचे नामांकन मिळाले आणि व्हेनेतो प्रांतात तो मान मिळवणारी ती पहिलीच वाइन ठरली.

इतर सभासदांनी इटलीतील ज्या पांढऱ्या किंवा गोड वाइन लक्षपूर्वक चाखल्या असतील त्यांविषयी येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

द्राक्षमळा:

अतिशय माहितीपूर्ण धागा. मी तासगाव भागातील द्राक्ष बागायतदार आहे आणि आमच्या घरी बेदाणा होतो, त्यामुळे सुकवण्याचा भाग मी दोनदा वाचला. आमच्याकडे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात थॉमसन किंवा सोनाका जातीचा माल तोडून पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात आणि मग शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. द्रावणामुळे मण्यावरचा मेणाचा थर फुटतो, पाणी लवकर बाहेर पडते आणि साधारण दोन आठवड्यांत बेदाणा तयार होतो. तुमच्याकडे चार ते सहा महिने लागतात म्हणजे द्राक्ष न बुडवताच ठेवत असणार. इतका काळ ओला घड माळ्यावर राहिला तर बुरशी लागत नाही का? आमच्याकडे सुकवणीच्या दिवसांत दोन दिवस ढगाळ हवा झाली तरी माल काळा पडण्याची धास्ती असते.

अदिजेकाठ:

आपण नेमका कळीचा प्रश्न विचारलात. येथे घड कशातही बुडवत नाहीत, आणि मेणाचा थर शाबूत राहणे हेच त्यांना हवे असते. पाणी हळूहळू जाते त्या काळात मण्याच्या आत बदल चालू राहतात, आम्लाचे स्वरूप पालटते आणि नवे गंध तयार होतात. दोन आठवड्यांत सुकलेल्या द्राक्षात साखर तेवढीच दाटेल, परंतु हे गंध मिळणार नाहीत. शिवाय बेदाण्याइतके पाणी येथे काढायचे नसते, कारण शेवटी रस निघाला पाहिजे.

बुरशीचा धोका मात्र खराच आहे. गार्गानेगाची साल जाड असते आणि घड लांब व सुटा असतो, म्हणून मण्यांमधून हवा खेळते. सुकवण्यासाठी हे द्राक्ष टिकून राहिले त्याचे एक कारण हेच. तोडणी करतानाच फुटका किंवा डागी मणी असलेला घड बाजूला काढतात. माळ्याला समोरासमोर खिडक्या असतात, ओलसर दिवसांत त्या बंद ठेवून पंखे लावतात आणि ठरावीक दिवसांनी प्रत्येक ताटी तपासून खराब मणी वेचतात. बोट्रायटिस ही बुरशी मर्यादित प्रमाणात आणि योग्य वेळी आली तर वाइनला मधासारखा गंध देते. अवेळी आली तर तीच बुरशी घड कुजवते.

रानजाई:

पहिल्या परिच्छेदातील पाणचटपणाचा समज मी काही अंशी योग्य मानते, आणि त्याबाबत थोडा मतभेद नोंदवते. आपल्या शहरांतील उपाहारगृहांमध्ये इटालियन पांढरी वाइन म्हणून जे मिळते ते बहुतेक वेळा सपाट प्रदेशातील स्वस्त पिनो ग्रिजो असते, आणि ती चाखून कोणी निराश झाले तर दोष चाखणाऱ्याचा नाही. तरीही त्यावरून संपूर्ण देशाविषयी मत बनवू नये, कारण इटलीतील उत्तम पांढऱ्या वाइन दक्षिणेतही तितक्याच ताकदीने बनतात, आणि त्यांविषयी फार कमी लिहिले जाते.

नेपल्सच्या पूर्वेला आवेल्लिनोच्या डोंगराळ भागात फियानो आणि ग्रेको ही दोन द्राक्षे पिकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ती मागे पडत चालली होती, तेव्हा मास्त्रोबेरार्दिनो या घराण्याने ती लावून धरली. २००३ साली फियानो दि आवेल्लिनो आणि ग्रेको दि तुफो या दोन्हींना सर्वोच्च नामांकन मिळाले. तुफो गावात पूर्वी गंधकाच्या खाणी होत्या. ग्रेकोमध्ये नुकत्याच ओढलेल्या काडेपेटीच्या काडीचा जो वास येतो त्याचा संबंध काहीजण त्या जमिनीशी जोडतात. मला ते कार्यकारण सरळ वाटत नाही, परंतु तो वास मात्र अनेक बाटल्यांमध्ये निश्चित असतो. फियानो तरुणपणी साधीच वाटते. सात-आठ वर्षे ठेवलेली फियानो मिळाली तर तिच्यात भाजलेले हेझलनट, धूर आणि मध असे थर उलगडतात. पांढरी वाइन त्याच वर्षी संपवावी हा नियम अशा वाइनला लावणे म्हणजे तिचे नुकसान करणे आहे.

त्याहून अधिक आवडती माझी वाइन एटनाची. सिसिलीतील या जिवंत ज्वालामुखीच्या पूर्व उतारावर, मिलो गावाच्या परिसरात कार्रिकान्ते हे द्राक्ष पिकते. उंची, समुद्राकडून येणारा पाऊस आणि लाव्हाची काळी माती यांमुळे त्याचा आंबटपणा इतका तीव्र असतो की पहिला घोट काहींना सहन होत नाही. ‘एटना बियान्को सुपेरियोरे’ असे लेबलावर लिहिण्याचा अधिकार फक्त मिलोच्या द्राक्षांना आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेसारखी जी एक चव तिच्यात येते ती तळलेल्या बोंबलाबरोबर घेतल्यावर मला प्रथम नीट कळली, आणि त्यानंतर मी तिच्यासाठी दुसरा पदार्थ शोधला नाही.

अदिजेकाठ:

रानजाई, आपला मतभेद मान्य आहे, आणि फियानोच्या वयाविषयी आपण लिहिलेले प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. त्यात मार्के प्रांतातील वेर्दिक्यो या पांढऱ्या वाइनची भर घालतो. १९५३ सालापासून प्राचीन सुरईसारख्या वळणदार हिरव्या बाटलीमुळे ती जगभर ओळखली गेली, आणि त्या बाटलीमुळेच लोकांनी तिला गंभीरपणे घेतले नाही. मातेलिका या आतल्या, थंड खोऱ्यातील वेर्दिक्यो दहा वर्षेही चांगली टिकते.

उत्तरायण:

फ्लोरेन्सला शिक्षणासाठी असताना तोस्कानातील विन सान्तोची ओळख झाली. तिच्याविषयी येथे लिहायलाच हवे, कारण रेचोतोप्रमाणेच तीही सुकवलेल्या द्राक्षांची असली तरी चव अगदी दुसऱ्या दिशेला जाते.

त्रेब्बियानो आणि माल्वाझिया जातीचे घड वळचणीखालच्या खोलीत सुकवून त्यांचा रस ‘कारातेल्ली’ नावाच्या लहान लाकडी पिंपांत भरतात. या पिंपांत आधीच्या वाइनचा तळाशी बसलेला दाट साका जपून ठेवलेला असतो आणि तोच पुढच्या रसाला यीस्ट पुरवतो. पिंप पूर्ण न भरता बूच पक्के बंद करतात आणि ते किमान तीन वर्षे उघडत नाहीत. आविन्योनेसीसारखे काही उत्पादक तर दहा वर्षे थांबतात. ज्या खोलीत ही पिंपे असतात ती मुद्दाम छपराखाली असते: उन्हाळ्यात ती तापते आणि किण्वन जोर धरते, हिवाळ्यात गारठते आणि ते थांबते. असे अनेक ऋतू जातात, पिंपातील पातळी खाली येते, हवेचा संपर्क होतो आणि वाइनचा रंग अंबरासारखा होतो. तळघरातील स्थिर तापमानासाठी सगळे जग धडपडत असताना येथे ऋतूंनाच काम करू दिले जाते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

चवीत अक्रोड, अंजीर, जळत्या साखरेचा कडवटपणा आणि मागे एक तीक्ष्ण आंबटपणा असतो. प्रत्येक पिंपाची वाइन निराळी निघते. काही गोड, तर काही जवळजवळ ड्राय. म्हणून बाटली घेताना दुकानदाराला हे विचारून घ्यावे.

तेथे प्रातोची बदामाची कडक बिस्किटे, कान्तुच्ची, विन सान्तोत बुडवून खाण्याची पद्धत सर्वत्र आहे. साध्या विन सान्तोसाठी ती छान आहे. परंतु दहा वर्षे पिंपात राहिलेल्या वाइनमध्ये बिस्किट बुडवू नये, असे माझे ठाम मत आहे. चुरा पेल्यात पडतो आणि पिठाच्या चवीखाली वाइनचे बारकावे हरवतात. बिस्किट वेगळे खावे, वाइन वेगळी घ्यावी.

कोकणकडा:

सर्वांचे प्रतिसाद वाचून एक व्यावहारिक प्रश्न विचारावासा वाटतो. आपल्या गोड पदार्थांबरोबर यांपैकी काही घेता येईल का? दिवाळीत घरी मोस्कातो दास्ती आणली होती आणि श्रीखंडाबरोबर दिली, तर सर्वांना ती आंबट लागली. एकटी घेतली तेव्हा मात्र गोड होती.

अदिजेकाठ:

आपला अनुभव या विषयातील मुख्य नियम दाखवून देतो. पदार्थ वाइनपेक्षा अधिक गोड असला की जीभ वाइनमधील साखर मोजेनाशी होते आणि फक्त आम्ल पुढे येते. श्रीखंडाची गोडी मोस्कातोच्या आवाक्याबाहेरची आहे.

मोस्कातो दास्ती ही पिएमोंतेमधील वाइन सुकवलेल्या द्राक्षांची नाही. मोस्कातो बियान्को या सुवासिक द्राक्षाचा ताजा रस बंद टाकीत थोडाच आंबवतात आणि मद्यांश साडेचार ते साडेसहा टक्क्यांच्या दरम्यान असतानाच थंड करून व यीस्ट गाळून किण्वन थांबवतात. त्यामुळे तिच्यात द्राक्षाची स्वतःची साखर, हलके बुडबुडे आणि पीच व संत्र्याच्या फुलांचा वास राहतो. ती फळांबरोबर, किंवा कमी गोड, हलक्या केकबरोबर द्यावी. दिवाळीच्या फराळात ती शंकरपाळ्यांबरोबर चांगली जाईल, मात्र शंकरपाळे बेताच्या गोडीचे हवेत. आणि ती वर्षभराच्या आत संपवावी, कारण तिचे सगळे सौंदर्य ताजेपणात आहे.

पुरणपोळीसाठी मी विन सान्तो सुचवेन. वेलची, जायफळ आणि साजूक तूप यांच्याशी तिचा अक्रोडी गंध जुळतो आणि तिचा आंबटपणा पुरणाची जडता कमी करतो. आपल्या आमटीत गुळाला चिंच लागते, तसेच गोड वाइनला आम्ल लागते. बासुंदी, आमरस, गुलाबजाम यांच्यासोबत मात्र कोणतीही वाइन देऊ नये, असे मला वाटते. ते पदार्थ स्वतःच पूर्ण आहेत.

रानजाई:

पुरणपोळीबद्दल सहमत. परंतु माझ्या मते गोड वाइनची खरी जोडी गोड पदार्थाशी नसून खारट आणि तीव्र चीजशी आहे. गोर्गोन्झोला चीजबरोबर पासितो दि पान्तेल्लेरिया ही सुकवलेल्या द्राक्षांची गोड वाइन घेऊन पाहावी. खारटपणामुळे वाइनमधील फळांची चव पुढे येते आणि गोडीमुळे चीजचा उग्रपणा सौम्य होतो.

पान्तेल्लेरिया हे सिसिलीपेक्षा ट्युनिशियाला जवळ असलेले ज्वालामुखीजन्य बेट आहे. वारा इतका सतत आणि जोराचा असतो की तेथील शेतकरी झिबिब्बो द्राक्षाची वेल मांडवावर चढवत नाहीत. जमिनीत खळगा करून तिला झुडपासारखी बुटकी ठेवतात. या लागवड पद्धतीचा युनेस्कोने २०१४ साली अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला. ऑगस्टमधील पहिला माल उघड्या उन्हात तीन-चार आठवडे सुकवतात, सप्टेंबरमध्ये दुसऱ्या तोडणीचा ताजा रस आंबवायला घेतात आणि सुकलेले मणी हाताने देठापासून सोडवून त्यात टप्प्याटप्प्याने मिसळतात. जर्दाळू, खजूर, संत्र्याची साल आणि रानटी ओव्याच्या जातीच्या झुडपांचा वास, हे सगळे त्या पेल्यात असते. सुकवणीच्या बाबतीत हे बेट सोआवेपेक्षा तासगावला जवळचे आहे, असे द्राक्षमळा यांना नक्कीच वाटेल.

द्राक्षमळा:

होय, ऊन आणि तीन-चार आठवडे हे गणित आमच्या ओळखीचे आहे. आमच्याकडे मात्र उघड्या उन्हात माल तपकिरी होतो आणि बाजाराला हिरवट-पिवळा बेदाणा हवा असतो, म्हणून शेडची सावली लागते. वाइनसाठी तो तपकिरी रंग दोष मानत नाहीत, हे समजून घेण्यासारखे आहे. आमची बहुतेक द्राक्षे खाण्याची, बिनबियांची आणि पातळ सालीची आहेत. पिकल्यावर त्यांत गोडी भरपूर उतरते, पण आम्ल फार राहत नाही. धाग्याच्या सुरुवातीला आम्लाविषयी जे म्हटले आहे ते लक्षात घेता, आमच्या मालाची अशी वाइन केली तर ती पाकासारखीच होईल, असे दिसते. आम्ल टिकवणारी जात लावल्याशिवाय या वाटेने जाण्यात अर्थ नाही.

कोकणकडा:

अदिजेकाठ, पुण्यात आम्ही काही मित्र मिळून एका संध्याकाळी यांतील मिळतील तेवढ्या वाइन चाखणार आहोत. क्रम कसा ठेवावा आणि उघडलेल्या बाटल्यांचे काय करावे, तेवढे सांगावे.

अदिजेकाठ:

ड्राय आधी आणि गोड नंतर, हा क्रम मोडू नये. गोड वाइननंतर कोणतीही ड्राय वाइन कडू आणि बोचरी लागते. सोआवे क्लासिकोने सुरुवात करावी, मग फियानो किंवा एटना बियान्को घ्यावी. त्यानंतर पाणी आणि साधा पाव देऊन थोडी विश्रांती ठेवावी. गोड वाइनमध्ये मोस्कातो प्रथम, नंतर रेचोतो किंवा पान्तेल्लेरिया आणि सर्वांत शेवटी विन सान्तो. सोआवेचा थोडा भाग बाटलीत राखून ठेवावा आणि रेचोतो ओतताना तिच्या शेजारच्या पेल्यात तो फक्त वास घेण्यासाठी पुन्हा ओतावा. गोड वाइन लहान लिकरच्या पेल्यात देऊ नये. तिला नेहमीचा पांढऱ्या वाइनचा पेला द्यावा आणि माणशी दोन-तीन घोटच ओतावेत. मोस्कातो सात-आठ अंशांना, रेचोतो दहा-बारा अंशांना आणि विन सान्तो त्याहून थोडी कमी थंड असावी.

भारतात आयात शुल्कामुळे या बाटल्या महाग पडतात, म्हणून गोड वाइनची अर्धी, ३७५ मिलिलिटरची बाटली घ्यावी. आठ-दहा जणांना ती पुरते. दुकानात ती उन्हात किंवा दिव्याखाली उभी ठेवलेली असेल तर घेऊ नये. उघडलेली मोस्कातो त्याच दिवशी संपवावी. ड्राय वाइन बूच लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहते, रेचोतो आणि पासितो आठवडाभर चांगल्या राहतात, आणि विन सान्तो, जिने पिंपातच हवा पचवलेली असते, ती कित्येक आठवडे टिकते.